मागांना घातलेलं तेल

सुनेनं शिलाई मशीनला तेल घातलं, की त्या वासानं मला बुटीबोरीची बुडालेली कापडगिरणी आठवते. गिरणी मोडून विकण्याची, म्हणजे ‘परिसमापना’ची नोटीस वकील म्हणून मीच फाटकावर लावली. म्हातारा फिटर ती वाचून हसला, “हे मराठी होय का मंत्र, साहेब? गिरणी चालू होऊन राहिली न?” मी म्हणालो, “प्रक्रिया चालू आहे.” त्यानं त्यातलं ‘चालू’ तेवढंच ऐकलं आणि लिलावापर्यंत रोज फुकट येऊन मागांना तेल घातलं. माग ट्रकमध्ये चढताना त्यानं विचारलं, “मले काहून नाही सांगितलं, साहेब?” तेलपाणी केलेल्या मागांना बोली चांगली लागते, हे खरं कारण मी गिळलं. आज लिहितो आहे, तर वाचायला तो नाही.