वाळू नाचायची थांबली तेव्हा

रफिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेरच्या बसस्टँडवर उभा होतो. हृदयविकाराचा झटका... दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. काही आठवडे लोटलेत, तरी डोळ्यांसमोर येतो तो लोहारा गावातल्या आमच्या शेडमध्ये दाबाच्या काट्यावर नजर रोखून उभा असलेला रफिक.

कॉलेजपासूनचा हा मित्र. कापूस वेचून झाला की लोक शेतात पऱ्हाट्या जाळतात, त्यांचाच गॅस करून त्यावरच्या इंजिनानं जिनिंग चालवायचं, या वेडापायी आम्ही दोघांनी ती भट्टी उभारली. आत तापलेली वाळू, खालून हवेचा झोत. वाळू उकळत्या पाण्यासारखी नाचायची आणि पऱ्हाटीचा भुगा तिच्यात पडला की त्याचा गॅस व्हायचा. पण पऱ्हाटीच्या राखेतलं पोटॅश वितळलं की वाळूचे कण एकमेकांना चिकटतात, ही धास्ती पहिल्यापासून होती.

दिग्रसचे एक जिनिंगवाले शेठ भट्टी पाहायला आले, त्याच दुपारी ते घडलं. एरवी थरथरणारा काटा एकाएकी थिजला. भट्टीच्या एका बाजूचं तापमान चढत होतं, दुसऱ्या बाजूचं उतरत होतं. वाळूनं गोळे धरले होते. माझा हात हवेच्या व्हॉल्व्हकडे गेला.

"हवा वाढवू का?"

"नको! जिथं चिकटलं तिथं आग अजून भडकन. हात काढ, विलास."

"इंजिन चालू हाय तोवर राहू द्या ना," शेठ म्हणाले. "बंदच करायचं होतं तं मले एवढ्या दुरून कायले बोलावलं?"

रफिकनं भुगा थांबवला, गॅस चिमणीकडे वळवला, हवा हळूहळू तोडली आणि सगळ्यांना शेडबाहेर काढलं. "शेठजी, बंद कशी करतो तेबी पाहून जा." आवाज शांत होता, पण घाम कपाळावरून गळ्यात उतरत होता. कडुलिंबाखाली आम्ही कान देऊन बसलो... आत लोखंड तडतडत होतं.

शेठ चहा न घेताच गेले. थंड झालेल्या भट्टीच्या तळाशी काळ्या काचेसारखा, बैलाच्या डोक्याएवढा गोळा निघाला. पहारीनंही फुटेना.

मग पोटॅश निघून जावं म्हणून आम्ही पऱ्हाट्या पावसात धुऊन निघू दिल्या, वाळवून वापरल्या. वाळूऐवजी सहसा न चिकटणारा डोलोमाइट दगडाचा चुरा भरला, खालचा जुना थर थोडा थोडा काढत राहिलो. पुन्हा गोळा धरला नाही. पुढच्या हंगामात शेठ आपणहून आले. म्हणाले, "त्या दिवशी बंद केली, म्हणूनच भरोसा बसला."

दफनविधीनंतर काही दिवसांनी मी भट्टी एकट्यानं चालवली. संध्याकाळी रफिकच्या बायकोचा, शमीमभाभींचा फोन आला. रफिकला त्या रोज याच वेळी फोन करायच्या, हे मला ठाऊकच नव्हतं.

"बंद झाली का, विलासभाऊ?"

"हो भाभी. थंड होऊन राह्यली."

"मंग ठीक हाय."

आता त्यांचा फोन मला रोज येतो. तो वाजेपर्यंत मी शेडला कुलूप लावत नाही.