फोडणी बंद होती ते दिवस

धाकटा भाऊ गेला त्याला आता वर्ष होईल. डोळे मिटले की अजून तीच खोली दिसते. दाराला कडुलिंबाचे डहाळे, खिडकीतून येणारा खाडीचा ओला उजेड, आणि त्या उजेडावर तरंगत असल्यासारखी त्याची खाट.

गोव्याहून तो तापातच आला. तोंडावर, हातांवर फोड. आईने हात जोडले. "देवीची फुलां ती. औषध लावूक नको गो." घरात फोडणी बंद झाली. देवी घरात असेपर्यंत आमच्याकडे तेल तापवत नाहीत. नुसती उकडलेली डाळ, मऊ भात. चुलीचा आवाजही नाही. घर पाण्याखाली गेल्यासारखं झालं.

"ताई, तुझ्या पुस्तकांत खंयच्या पानावर आसंय मी?" माझ्या नर्सिंगच्या पुस्तकांकडे बघत तो हसून म्हणाला.

मला शंका आली होती. फोड आधी जांघेत उठले, हे त्याने मला एकटीलाच सांगितलं होतं. पण देवीचं नाव घेतल्यावर त्याला कुणी काही विचारत नव्हतं, आणि त्या शांततेत मीही बारा दिवस बसून राहिले.

शेवटी त्याला इस्पितळात नेलं, तिथे फोडातलं पाणी तपासलं. एमपॉक्स, म्हणजे मंकीपॉक्स. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "शरीरसंबंधातून आलेला दिसतो. त्याच वाटेने येणारे बाकीचे आजारही तपासू." सिफिलिस निघाला. एचआयव्हीही, बरीच वर्षं अंगात असलेला. एमपॉक्समधून बहुतेक माणसं बरी होतात. पण एचआयव्हीने त्याच्या अंगात झुंजायला काही उरू दिलं नव्हतं.

परवा आरोंद्याहून त्याचा मित्र आला. गोव्यात दोघं एका खोलीत राहायचे, एवढंच आईला ठाऊक. मला भावाने शेवटी सगळं सांगितलं होतं.

"तपासणी केलंस?" मी विचारलं.

"माका फोड नाय, काय नाय, ताई."

"एचआयव्ही आसलो तरी फोड येणत नाय रे. तेच्याय अंगात वर्सां गप्प होतो. औषधां आसत. येळेर घेतली तर माणूस जगता."

 तो म्हणाला, "तपासणीक तू येतलंस माझ्यावांगडा?"

"येतंय."

आई आतून कितपत ऐकत होती कोण जाणे. "तेका उपाशी न्हेव नको," एवढंच म्हणाली. तो गेल्यावरही तिने फोडणी घातली नव्हती; त्या दिवशी वर्षभरात पहिल्यांदा आमच्या घरात मोहरी तडतडली.

आम्ही जेवलो, आणि दुपारची एसटी धरली.