शेवटच्या गाडीला हात

मला आयुष्यात कोणाचाही हेवा वाटलेला नाही. जाऊबाई धरायच्या नाहीत.

जाऊबाई म्हणजे फिलोमिना, माझ्या मोठ्या दिरांची बायको. मुलगा रॉबिन इंग्लंडात, म्हणून गेल्या वर्षी ती तिकडे जाऊन आली. तिथल्या एका खेड्यात म्हणे चिमुकली रेल्वे आहे. पूर्वी दुधाचे कॅन वाहायची, मग बंद पडली. गावातल्या म्हाताऱ्यांनी झाडोरा तोडून रूळ मोकळे केले आणि हौसेने पुन्हा चालवली. स्टेशनात जुन्या आठवणींची भिंत, अन् त्या भिंतीवर हिरवा बावटा धरलेली आमची फिलोमिना! (माहेर वसईतलं राजोडी. त्या रुळांशी हिचा काय संबंध?) वर्षभर तिने तो फोटो मला दाखवला, माझ्याच ओट्यावर बसून, माझीच सुकेळी खात.

यंदा मीही तिच्याबरोबर गेले. मनात एकच, त्या भिंतीवर माझाही फोटो लागला पाहिजे. त्या दिवशी मोसमातली शेवटची गाडी होती. पहिल्या स्टेशनावर पाय ठेवला नाही तोच फिलोमिना सुरू, "हा पूल बघ, हा सिग्नल बघ, हा किती जुना माहितीये?"

मी म्हटलं, "रॉबिन, मला मोटारीने पुढच्या स्टेशनावर सोड. मी तिथून चढते."

"काकी, ते अगदी छोटं आहे. तिथे हात केला तरच गाडी थांबते."

"अरे, भुईगावच्या नाक्यावर बसला हात करण्यात जन्म गेला माझा. मला शिकवतोस?"

मला सोडून तो गेला. फलाट कसला, आमच्या विहिरीच्या कट्ट्याएवढा. मागे कुंपण, कुंपणापलीकडे मेंढ्या. गाडी आली धूर सोडत, आणि पहिल्याच खिडकीत फिलोमिना. डोक्यावर गार्डची टोपी! एका हातात फोन, दुसरा हात जोरजोरात हलवतेय.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मिरवते कशी बघा. हिला मी हात करू? मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले आणि गाडीकडे पाठ करून मेंढ्या बघत उभी राहिले.

गाडी गेली.

रॉबिन मला न्यायला आला. "काकी, हात नाही केलास? मम्मी खिडकीतून तेच तर सांगत होती."

"खांदा धरला होता," मी म्हटलं.

महिन्याभराने त्याचा फोन. "काकी, भिंतीवर तुझा फोटो लागला. मम्मीने गाडीतून काढलेला."

लागलाय खरा. फिलोमिनाच्या फोटोखाली, पाठमोरा. समोर तीन मेंढ्या आहेत. त्यांची निदान तोंडं तरी दिसतात.