ज्वारीच्या कणसांचा झुपका

नालवाडीत आमच्या समोर राहणाऱ्या काकूंना प्लास्टिकची फुलं दिसली की रागच येतो. दिवाळीला ओसरीवर आंब्याची पानं, झेंडू आणि ज्वारीची कणसं पसरून त्या अख्ख्या गल्लीची तोरणं ओवतात. ओवताना दोरा दातात असतो, तरी आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. कुणी पुन्हा विचारलं तर खेकसतात, "कान कुठी ठेवून आली वं?"

यंदा आई गेली, म्हणून आमच्या दाराला तोरण नव्हतं. दिवाळीच्या सकाळी काकू उरलेली कणसं घेऊन आल्या आणि आईच्या खोलीच्या खिडकीला झुपका बांधू लागल्या.

"काकू, यंदा आमच्याकडे काही लावायचं नाही ना," मी म्हटलं.

"मले समजत नाई का? तोरण नाई हे, पाखराईचं खाणं आहे. पाखराईले कायचा दुखवटा?"

आई गेल्यापासून बाबा त्या खोलीत गप्प बसून असत. चिमण्या झुपक्यावर उतरल्या तसा आतून त्यांचा आवाज आला, "हळू बोला. त्या खाऊन राह्यल्या."

काकूंनी पटकन ओठांवर बोट ठेवलं आणि पाय न वाजवता घराकडे निघाल्या. मी त्यांच्या पाठीलाच हात जोडले.