सहीचा रकाना

वही मीच आणली होती, हे आधी सांगून टाकते. नंतर सांगितलं की लोकांना वाटतं, बाई लपवत होत्या.

मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. नोकरी गडचिरोली जिल्ह्यात, जंगलातल्या एका तालुक्यात. तालुक्याचं नाव लिहीत नाही, नाहीतर त्याचाही खुलासा मागतील. घर ब्रह्मपुरीला. तिथे नवरा आहे आणि दहा वर्षांची मुलगी आहे. घरून शाळेत पोचायला दोन एसट्या, एक काळीपिवळी आणि शेवटी कोणाच्या तरी मोटारसायकलची मागची सीट लागते. नाला चढला की यातलं काहीच कामाचं नाही. एरवी महिन्यातून दोनदा घरी जाते, जुलै-ऑगस्टात तेही नाही. मुलगी आधी फोनवर विचारायची, कधी येशील. मग एकदा म्हणाली, "आई, तू कवा येशीन ते नोको सांगू. आली का सांग."

आमच्या गावात टॉवर आहे. कागदावर तो चालू आहे. प्रत्यक्षात त्यावर बगळे बसतात. गावाबाहेरच्या टेकाडावर मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तर रेंजच्या दोन दांड्या येतात, तेवढ्यात घरी बोलून घ्यायचं. आणि सरकारचं सगळं काम ऑनलाइन. आज किती पोरं जेवली, किती आली, कोणाची उंची किती, संडासाचा फोटो, झाडाचा फोटो, झाडासोबत पोरांचा फोटो. मग आमच्या भागात एक रीत पडली. तालुक्याला जो शिक्षक जाईल त्याने आजूबाजूच्या सगळ्या शाळांचे कागद न्यायचे, आणि तिथल्या शिक्षण विभागाच्या ऑफिसातल्या कंत्राटी ऑपरेटरने ते ज्याच्या त्याच्या ईमेलवरून भरायचे.

त्यासाठी पासवर्ड लागत. ते आम्ही चिठ्ठ्यांवर लिहून पाठवायचो आणि चिठ्ठ्या हरवायच्या. म्हणून मी बाजारातून हिरव्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही घेतली, पट्टीने रकाने पाडले. अनुक्रमांक, शाळा, ईमेल, पासवर्ड, सही. सहीचा रकाना ही माझी खास भर. हातात पट्टी आली की शिक्षकाला एक रकाना जास्त पाडल्याशिवाय चैन पडत नाही. ऑफिसच्या साहेबांना वही इतकी आवडली की पुढच्या सभेत त्यांनी सगळ्यांना त्यात नोंद करायला लावली. तोंडी. पासवर्ड विसरला तर कोड यावा म्हणून मोबाईल नंबर द्यावा लागतो, तिथेही सगळ्यांनी ऑफिसचाच नंबर दिला, कारण आमचे मोबाईल बंद पेटीत ठेवल्यासारखे. पासवर्डही बहुतेकांचे सारखेच होते. गावाचं नाव, पुढे एक दोन तीन.

शहरातलं कोणी हे वाचून कपाळाला हात लावेल. लावू दे. आमच्या गावात घराला कुलूप नसतं. दाराला आडवी काठी टेकवली की घरी कोणी नाही एवढं कळतं आणि माणूस परत जातो. आम्ही पासवर्ड त्याच सवयीने दिले.

ऑपरेटर माडिया आदिवासी बाई होती, तालुक्यापासून चार किलोमीटरवरच्या गावातली. तिच्या गावात टायपिंग शिकलेली ती पहिली. माझ्या घरचे निरोप तिच्याच मोबाईलवर यायचे. ती ते कागदावर लिहून जीपवाल्याच्या हाती धाडायची, "मुलीले ताप होता, आता नाई" असे. माझी मुलगी तिला निरोपवाली मावशी म्हणायची. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

त्या वर्षी बदल्या निघाल्या. अवघड क्षेत्रात इतकी वर्षं काढल्यावर माझा हक्क पहिला होता. ब्रह्मपुरीपासून पाच किलोमीटरवरची एक शाळा रिकामी होती, ती मी मागितली. तात्पुरत्या यादीत माझं नाव सगळ्यात वर आलं. मोहाच्या झाडाखाली उभी राहून मी मुलीला सांगितलं, "आली म्हणून समज." तिने माझ्या साड्यांसाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला, असं नवरा म्हणाला.

मग पाऊस लागला आणि रस्ता नऊ दिवस बंद राहिला. दहाव्या दिवशी नाला उतरला तशी मी तालुक्याला गेले. अंतिम यादीत माझं नाव नव्हतं. मी मागितलेल्या शाळेसमोर दुसऱ्याच कोणाचं होतं. ऑपरेटरने कॉम्प्युटरवर पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमी तं नकार देला."

माझ्या ईमेलवर कोड आला होता, तो टाकून नकार पक्का झाला होता. कारणही लिहिलं होतं. 'कौटुंबिक अडचणीमुळे मला सध्या बदली नको आहे.' कौटुंबिक. ईमेल उघडून पाहावा तर पासवर्ड बदललेला. नवा मागितला की कोड ऑफिसच्या मोबाईलवर जायचा, आणि तो मोबाईल साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असायचा. साहेब म्हणाले, बॅटरी गेली आहे.

पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पासवर्ड तुमीच देला नं मॅडम? मंग हॅक कसं म्हणाचं?"

"दार उघडं होतं म्हणून चोरी ही चोरी राहत नाही काय?" मी म्हटलं.

"ते घराचं झालं," तो म्हणाला. "हे ऑनलाइन आहे."

तक्रार घेतली, पुढे पाठवतो म्हणाला. अजून पुढेच जाते आहे. मी सरकारच्या तक्रारींच्या पोर्टलवरही तक्रार टाकली. ईमेलचा रकाना पोर्टलने आपणच भरला, कारण नोकरीच्या नोंदीत तोच जुना ईमेल आहे. तो बदलायचा अर्ज केला तर त्याचा कोड त्याच ईमेलवर जातो. ही व्यवस्था ज्याने केली त्याला मला एकदा पाहायचं आहे, बस.

पण एक झालं. जिल्ह्याहून चौकशी अधिकारी आले. ऑफिसात सगळ्यांसमोर त्यांनी हिरवी वही उचलली आणि मला विचारलं, "ही कोणाच्या ताब्यात असते?"

मी म्हटलं, "ऑपरेटर मॅडमच्या."

हे खरं होतं. पण वही दिवसभर टेबलावर उघडी पडलेली असायची, हेही खरं होतं. ती जेवायला गेली की तिच्या खुर्चीवर जो येईल तो बसायचा. मोबाईल ड्रॉवरमध्ये असायचा आणि ड्रॉवरची किल्ली तिच्याकडे नव्हती. हे सगळं मला ठाऊक होतं. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला राग आला होता आणि मला कोणीतरी हवं होतं. ती दाराशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

अहवाल तीन ओळींचा आला. ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे गैरप्रकार घडला, सबब तिची सेवा समाप्त. संबंधित शिक्षिकेने पासवर्ड स्वतःच्या सहीने दिल्याचे दिसते, सबब त्यांना समज. साहेबांनी तातडीने कारवाई केली अशी एक चांगली ओळ त्यांच्या वाट्याला आली. पासवर्ड जमा करायला कोणी लावले, याचा उल्लेख नव्हता. ती गोष्ट तोंडी झाली होती ना. बदलीचं विचारलं तर म्हणाले, फेरी संपली.

माझ्या वर्गातून खडू चोरीला गेला तर डब्याच्या जवळ बसलेल्या पोराला मी उठवून मारत नाही. पहिलीच्या पोरांनाही त्यातला अन्याय कळतो. मला कळायला दोन महिने लागले, आणि तेही मनाने नव्हे, कागदाने.

दिवाळीला घरी गेले होते. नवऱ्याने पोर्टल उघडून पाहिलं. तक्रार निकाली. खाली लिहिलं होतं, 'तक्रारदाराने ईमेलद्वारे समाधान व्यक्त केले आहे.' सोबत तो मेलही जोडलेला, माझ्या नावाचा, माझ्या जुन्या ईमेलवरून. 'झालेल्या कारवाईबद्दल मी समाधानी आहे.' माझ्या नावाने मेल पाठवणारी ही बाई माझ्यापेक्षा फार शांत स्वभावाची दिसते. तिला बदली नको असते, तिची कोणाविषयी तक्रार नसते, तिला फक्त आभार मानायचे असतात.

मग मी त्या मेलची तारीख पाहिली. ऑपरेटरला काढलं त्याला तेव्हा वीस दिवस होऊन गेले होते. तिच्याकडे ना कॉम्प्युटर, ना वही, ना तो मोबाईल. माझं खातं ज्याच्या हातात होतं, त्याच्या हातात ते अजून होतं. मला इतकी लाज वाटली की फराळाचं ताट तसंच राहिलं.

सुट्टी संपल्यावर तो कागद छापून मी तिच्या गावी गेले. धान कापणी चालू होती. ती बांधावर आली, विळा खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि कागद सावकाश वाचला. तारखेवर बोट ठेवून ती थांबली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"मी चुकलो बाई," मी म्हटलं. घरची बोली तोंडात आली. "मी त्या दिवशी सगळं सांगायले पायजे होतं."

"हाव." तिने तारखेवरचं बोट उचललं. मग म्हणाली, "मॅडम, तुमी खोटं नाई बोलल्या. पण तवा काऊन गप राह्यल्या?"

तिने कागद परत दिला नाही, घडी करून ठेवून घेतला. माझ्याकडे दुसरी प्रत होती. जाताना तिने विचारलं, "मुलगी बरी आहे नं? आता निरोप कोन देते?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

त्या आठवड्यात मी हाताने अर्ज लिहिला. ऑपरेटरला कामावर परत घ्या, त्या मेलची चौकशी करा, आणि पासवर्ड गोळा करायला कोणी लावलं ते लेखी द्या. माझ्या बदलीचं त्यात एक अक्षर नव्हतं. साहेबांनी अर्ज वाचला, चहा मागवला.

"मॅडम, पुढची फेरी येऊन राह्यली," ते म्हणाले. "तुमचं नाव वर आहे. जुनं काऊन उकरता? मुलगी लहान आहे तुमची."

मला कपाटाचा रिकामा कप्पा आठवला. खोटं कशाला सांगू, अर्ज मागे घ्यावासा वाटला. हात पुढे गेलासुद्धा. पण बांधावर ठेवलेला विळाही आठवला, आणि मी साहेबांना म्हटलं, चहा राहू द्या, मला पोच द्या.

आवक टेबलावर नवा ऑपरेटर होता. त्याने अर्ज उलटून पाहिला आणि म्हणाला, "ईमेल नाई लिहिला. त्याच्याबिगर शिक्का मारता येत नाई." मग त्याने माझ्यापुढे एक वही सरकवली. पुठ्ठा निळा होता. आत पट्टीने पाडलेले रकाने होते. अनुक्रमांक, शाळा, ईमेल, पासवर्ड, सही. पानभर आमच्या लोकांच्या सह्या होत्या, अगदी त्या महिन्यातल्या.

मी पासवर्डच्या रकान्यात 'देणार नाही' लिहिलं आणि पुढे सही केली. शिक्का मिळेपर्यंत बाकावर बसते म्हटलं आणि बसले. जेवणाची सुट्टी होऊन गेली. पुष्कळ वेळाने त्याने शिक्का मारला आणि वैतागून विचारलं, "मंग उत्तर कुठी पाठवाचं मॅडम?"

मी ब्रह्मपुरीचा घरचा पत्ता लिहून दिला. उत्तर आलंच, तर ते माझ्याआधी घरी पोचेल.