श्रावण पाळणारा

माझा धाकटा भाऊ दारुडा आहे हे आमच्या घरात कुणी कबूल करत नव्हतं, कारण तो श्रावण पाळायचा. गटारीला मटणाचा रस्सा भुरकून, नाकापर्यंत पिऊन झोपायचा आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर ना मटण, ना दारू. आई गल्लीत मिरवायची, "बेवड्याला जमतंय व्हय? मनात आणलं तर सोडतोय की माझा ल्योक." मग उरलेले अकरा महिने तो मनात का आणत नाही, असं विचारलं की मी तोंडाळ ठरायची.

मला त्याची चीड होती. त्याच्या हार्डवेअरच्या दुकानाला भरदुपारी कुलूप दिसलं की शाळेतून शिकवून येताना मी रस्ता बदलायची. वहिनी कंटाळून माहेरी मलकापूरला निघून गेली तेव्हा मला तिची कीव आली नाही, हेवा वाटला. तिला जायला माहेर होतं. माझं माहेर म्हणजे हाच.

पुढं तो सकाळी चहाच्या आधीच घ्यायला लागला आणि श्रावणही मोडला. आई म्हणाली, नजर लागली. मी म्हटलं, लाज सोडली. दोघींपैकी एकीलाही डॉक्टर आठवला नाही.

पुढच्या वर्षी मी कंबर कसली. गटारीच्या दुसऱ्या दिवशी त्याला देवघरापुढं बसवलं, आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. कपाटामागच्या बाटल्या मोरीत ओतल्या, रजा टाकली आणि दाराशी खुर्ची मांडून वह्या तपासत बसले. त्यानं एकदाच हळू आवाजात विचारलं, "अक्का, जरा भायेर जाऊन येऊ?" मी मान वर न करता म्हणाले, "जा की. आईच्या डोक्यावरचा हात आधी धुऊन जा." तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचे हात इतके थरथरत होते की चहा बशीत सांडला. घामानं शर्ट भिजला होता. आई म्हणाली, "थंडी भरलीया." मी म्हणाले, नाटकं आहेत. तिसऱ्या दिवशी दुपारी तो कोऱ्या भिंतीवरच्या मुंग्या बोटानं टिपू लागला. मी हाक मारली तर माझ्याकडं वळून म्हणाला, "या पावणं, बसा की." चेहरा अगदी आदबशीर होता. माझ्या पाठच्या भावानं मला ओळखलं नव्हतं. मी दारातून उठेपर्यंत तो आडवा झाला, दातखीळ बसली, टाचा फरशीवर आपटू लागल्या. आई कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरत होती. शेजाऱ्यांनी त्याला रिक्षात घातलं.

दवाखान्यातल्या डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या होत्या. त्यांनी विचारलं, "एकदम बंद कुणी करायला लावली?" मी ताठ मानेनं म्हणाले, "मी." त्या म्हणाल्या, सकाळी उठल्यापासून रोज पिणाऱ्याचं शरीर दारूला धरूनच चालायला लागतं, ती अचानक काढून घेतली तर झटके येतात, भास होतात, माणूस दगावतोही. औषधं देऊन, डॉक्टरांच्या नजरेखाली सोडवावी लागते. हा आजार आहे, हट्ट नाही.

मला त्यांचाही राग आला. आजार म्हटलं की रागावायचं कुणावर? पण दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात शिरून बसली. आम्ही दारू आणि मटण एकाच यादीत घातलं होतं. मटण सोडलं म्हणून कुणाला झटका येत नाही, एवढं साधं मला, शिकलेल्या बाईला, सुचलं नव्हतं.

तो वाचला. शुद्धीवर आला. भेटायला येणाऱ्यांना आई कावीळ सांगत होती. मी तिला सगळ्यांसमोर गप्प केलं, खरं काय ते सांगितलं, आणि वर वाटलं, आपण मोठं धाडस केलं.

दवाखान्यातल्या चौथ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्यादेखत त्याला विचारलं, "पहिल्याच दिवशी त्रास सुरू झाला होता म्हणता. ताईंना सांगितलं का नाही?"

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "सांगितलं असतं तर म्हणाली असती, प्यायला निमित्त काढतोयस."

म्हणाले असते. अगदी याच शब्दांत.