भाईंना शिकवलेलं वाक्य

त्या शनिवारपासून माझा पाय एका जागी ठरत नाही. वह्या तपासायला बसते, दोन झाल्या की उठते, गॅलरीत जाते, परत येते. चहा टाकते आणि प्यायचा विसरते. लिहून टाकलं तर डोक्यातली भुणभुण थांबेल, असं वाटतंय. बघू.

मी नारायणगुड्यातल्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. राहायला नल्लकुंट्यात, वडिलांबरोबर. अण्णा एके काळी सरकारी वकील होते. आता ऐंशी ओलांडली, पण जेवणाच्या टेबलावर अजून त्यांचं कोर्ट भरतं. आम्हा भावंडांना त्यांनी पाढ्यांबरोबर हक्कही पाठ करायला लावले होते. पोलिसांनी अडवलं तर ओरडायचं नाही, पळायचं नाही, कोऱ्या कागदावर सही करायची नाही. शांतपणे विचारायचं, मला अटक करताय का? कशासाठी? नसेल तर मी जाऊ का? हे मराठीत, उर्दूत आणि तेलुगूत. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. एवढी घोकंपट्टी झाली आणि आम्हाला उभ्या आयुष्यात कुणी अडवलंच नाही.

सहा वर्षं मी एकाच ऑटोतून शाळेत जाते. ऑटोवाल्यांना मी भाई म्हणते, ते मला मॅडम. पन्नाशीचे असतील, भारी बोलघेवडे. पोलिस रस्त्यात थांबवून लोकांचे फोन उघडायला लावतात, गांजाबिंजाचे मेसेज शोधतात, हे त्यांनीच मला सांगितलं. झालं, माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी म्हटलं, लायसन्स मागितलं तर द्यायचं, गाडीचे कागद दाखवायचे, पण असा उगाच कुणाचा फोन तपासता येत नाही. नोटीस मागायची, कारण लिहून मागायचं. आठवडाभर जाता-येता मी त्यांच्याकडून ते वाक्य घोटून घेतलं.

"मॅडम, ये बोले तो मार पडती," भाई हसून म्हणायचे.

"नहीं पडती. कानून है." केवढ्या ठसक्यात म्हणायचे मी!

शनिवारी शाळा दुपारी एकला सुटली. वाटेतल्या एका चौकात दुचाक्या आणि ऑटो बाजूला घेणं चाललं होतं. एक तरुण फौजदार आमच्याकडे आला. भाईंनी लायसन्स दिलं, कागद दिले, सगळं ठीक होतं. मग तो तेलुगूत म्हणाला, "फोन तिय्यि." काढ फोन. भाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं, शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाले, "फोन नहीं दिखाता साब. नोटिस देओ. कैकू होना, लिख के देओ."

अक्षर न् अक्षर बरोबर होतं. वर्गात असते तर मी शाबासकी दिली असती.

फौजदाराचा पारा चढला. "कौन सिखाया रे?"

इथे मी बोलायला हवं होतं. मी शिकवलं, एवढंच म्हणायचं होतं. भाईच म्हणाले, "कोई नहीं साब. मेरे कू मालूम है."

मग तो माझ्याकडे वळला. "मेडम, आपका फोन?" तिन्ही भाषांतलं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. बाहेर पडलं ते भलतंच. मी अण्णांचं नाव सांगितलं. आडनावासकट, हुद्द्यासकट.

मागे उभा असलेला, निवृत्तीला आलेला जमादार लगबगीने पुढे आला. "अरे, वकील साब की बेटी!" त्याने फौजदाराच्या कानात काहीतरी सांगितलं. लगेच खुर्ची आली, पाणी आलं, मला घरी सोडायला दुसरी ऑटो आली. माझ्या फोनला कुणी हात लावला नाही. भाईंची ऑटो मात्र एका शिपायाने ठाण्याकडे वळवली. चालवायला तो बसला, आणि भाई मागे, माझ्या जागेवर.

"दस मिनट का काम है मेडम, आप जाओ," जमादार म्हणाला. आणि मी गेले. अण्णांची जेवायची वेळ झाली होती, असं स्वतःला बजावत गेले. खरं सांगायचं तर मी घाबरले होते.

घरी अण्णांनी वरण-भात कालवता कालवता माझी उलटतपासणी घेतली.

"अटक दाखवली?"

"माहीत नाही."

"कारण सांगितलं?"

"नाही."

"तू काय म्हणालीस?"

"तुमचं नाव सांगितलं, अण्णा."

"बरं. आता त्या भाईंचं सांग. अर्ज करायचा तर नाव लागेल."

मला ते माहीत नव्हतं. सहा वर्षं! फोनमध्ये 'ऑटो भाई' एवढंच होतं. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. "ऊठ," म्हणाले, "आणि जा तिथे."

जेवण तसंच टाकून मी ठाण्यात गेले. कोण पाहिजे, शिपायाने विचारलं. ऑटोवाले. नाव? माहीत नाही. "तीन हैं अंदर. कौनसा?" पांढरी दाढी, मी म्हणाले, जरा उंच, खूप बोलतात. शिपाई हसला आणि बाकाकडे बोट दाखवलं. मी बसले, उठले, दारापर्यंत गेले, परत बसले. समोरच्या भिंतीवर अटक झालेल्या माणसाच्या हक्कांचा फलक होता. तो मी पाच-सहा वेळा वाचला. आत जाऊन त्यातली एक तरी ओळ मोठ्याने म्हणावी, असं दर वेळी वाटलं आणि दर वेळी अवसान गळालं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

पाचच्या सुमाराला भाई बाहेर आले. मारलं नव्हतं. बोलत मात्र नव्हते. ऑटो सुरू करताना म्हणाले, "खोल दिया मॅडम फोन. कुछ नहीं निकला. घर की औरतों के फोटो थे, चार लोगां मिल के एक-एक देखे."

मी माफी मागितली. "नक्को मॅडम," ते म्हणाले. मी त्यांचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, जरा नवल वाटून.

रविवारभर अण्णांनी तक्रारीचा मसुदा लिहिला. सोमवारी तो घेऊन मी ऑटोत बसले. म्हटलं, भाई, मी साक्ष देते, मीच शिकवलं असं लिहून देते. त्यांनी कागद हातात घेतला नाही. शाळेपाशी ऑटो थांबवली, खिशातून एक छोटी डायरी आणि पेन काढलं आणि मागे वळले.

"मॅडम, कानून रहने देओ. आपके अब्बा का पूरा नाम बोलो. इस्पेलिंग के साथ."

टोमणा असता तर मी निमूट ऐकून घेतला असता. पण ते अगदी मनापासून विचारत होते. कायदा नव्हे, नाव चाललं होतं, आणि तेच त्यांना शिकून घ्यायचं होतं. मी सांगत गेले, ते एकेक अक्षर जपून लिहीत गेले, आणि हे नाव तुमच्या तोंडी चालणार नाही, एवढं काही माझ्याच्याने त्यांना सांगवलं नाही.